फारिनेल्लीचा आवाज एका गळ्यातून आलेला नाही

पत्र: माझं वय चोवीस. बोलतानाचा आणि गातानाचा आवाज बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीतला पुरुषी. तीन वर्षं एका हौशी कॉयरमध्ये गातोय. ‘फारिनेल्ली’ हा चित्रपट पाहिल्यापासून फॉल्सेटोचं, म्हणजे पुरुषाच्या हलक्या, उंच आवाजाचं वेड लागलंय. तीन महिन्यांनी कॉयरचा कार्यक्रम आहे, त्यात चित्रपटातलंच ‘लाशा क्यो प्यांगा’ गायचं मनात आहे. पण मधल्या सीच्या (पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी एक) आसपास आवाज खटकन तुटतो, वर गेलो की निम्मा वारा येतो आणि वीस मिनिटांत घसा दुखायला लागतो. आमचे संचालक म्हणतात, अल्टोंच्या (खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या) रांगेत उभा राहा, आपोआप जमेल. घरचे म्हणतात, पुरुषाने असं गाऊन आवाज जातो. माझ्याकडे हा आवाज आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

आधी तो चित्रपट बाजूला ठेवा. 1994 च्या त्या चित्रपटात तुम्ही ऐकलेला आवाज एका माणसाचा नाही. डेरेक ली रेगिन हा काउंटरटेनर (फॉल्सेटोत गाणारा पुरुष) आणि एव्हा मालास-गोडलेव्स्का ही सोप्रानो (उंच आवाजाची गायिका), या दोघांचं गाणं वेगवेगळं ध्वनिमुद्रित केलं आणि पॅरिसच्या इर्काम या संस्थेत संगणकावर ते एकजीव केलं. सांधा ऐकू येऊ नये म्हणून दोन्ही आवाजांचा पोतही जुळवून घेतला. ते काम तुम्ही एकट्या गळ्याने करायला बसलात. घसा दुखला नसता तरच नवल.

शिवाय ते गाणं फारिनेल्लीचं, म्हणजे अठराव्या शतकातल्या ज्या इटालियन गायकावर तो चित्रपट आहे त्याचं, नव्हेच. संगीतकार हॅन्डेलने ते 1711 च्या ‘रिनाल्दो’ ऑपेरात आल्मिरेना या नायिकेला दिलं आणि पहिल्यांदा गायली ती इझाबेला जिरार्दो. फारिनेल्लीचा जन्म 1705 चा, म्हणजे तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा पोर होता. 1734 मध्ये तो लंडनला आला, तोही हॅन्डेलच्या प्रतिस्पर्धी मंडळीकडे. काउंटरटेनर हे गाणं गातात आणि छान गातात, तेव्हा तुम्ही गाऊ नये असं मुळीच नाही. पट्टीचं काय करायचं ते शेवटी पाहू.

तुमच्या अडचणीचं मूळ असं की उंच पुरुषी आवाज या एका नावाखाली तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या आहेत. तिन्हींत गळा वेगळं काम करतो.

पहिला कास्त्रातो, म्हणजे लहानपणी खच्ची केलेला गायक. साधारण सात-आठ ते बारा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया व्हायची. पुढे टेस्टोस्टेरॉन न मिळाल्याने स्वरयंत्र वाढायचं नाही आणि स्वरतंतू आखूडच राहायचे. हाडांची टोकं मात्र उशिरा जुळत, त्यामुळे हातपाय लांब आणि छातीचा पिंजरा मोठा व्हायचा. लहान तंतू, त्यामागे मोठ्या माणसाचा भाता आणि नेपल्सच्या संगीतशाळांमधली वर्षानुवर्षांची मेहनत, असं ते रसायन होतं. फारिनेल्ली आणि काफारेल्ली हे दोघे गाजलेले कास्त्रातो पोर्पोरा या संगीतगुरूचे शिष्य. पोपच्या गायकवृंदात 1599 पासून कास्त्रातो अधिकृतपणे घेतले जाऊ लागले. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, मुलांचे आवाज फुटतात आणि वरची ओळ तर गायला हवी, अशी ती अडचण होती. शस्त्रक्रिया करणं गुन्हा मानला जायचा आणि तिचं फळ मात्र नोकरीवर ठेवलं जायचं. हा दुटप्पीपणा तीनशे वर्षं चालला. बहुतेक मुलांच्या वाट्याला फारिनेल्लीची कीर्ती आली नाही, हेही विसरू नये. शेवटचा नावाजलेला गायक आलेस्सांद्रो मोरेस्की (1858–1922). त्याची 1902 आणि 1904 ची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, ती जरूर ऐका. खरखर पुष्कळ आहे आणि त्याची स्वर खालून उचलून घेण्याची हुंदक्यासारखी लकब आज विचित्र वाटेल, पण त्यात फॉल्सेटोचा हलकेपणा कुठेच नाही. तो आवाज तुमच्या-आमच्या शरीरात बसूच शकत नाही. कास्त्रातोंसाठी लिहिलेलं संगीत आपण गाऊ शकतो, त्यांचा आवाज काढू शकत नाही.

दुसरा ओत-कोंत्र, म्हणजे लुली आणि रामो या संगीतकारांच्या काळातला फ्रेंच उंच टेनर (टेनर म्हणजे वरच्या पट्टीतला पुरुषी आवाज). हा मुख्यतः छातीच्या (बोलण्यासारख्या भरदार) आणि मिश्र आवाजात गायचा, फॉल्सेटोवर त्याची भिस्त नव्हती. रामोच्या ‘प्लाते’ (1745) या ऑपेरामधली बेडकीण अप्सरा पिएर जेल्योत याने गायली, ती याच जातीच्या आवाजात. तिथली पट्टीही आजच्यापेक्षा खाली होती. फ्रेंच बरोकसाठी आज वाद्यं बहुतेकदा ए = 392 हर्ट्झला लावतात, म्हणजे 440 पेक्षा अख्खा एक स्वर खाली. कागदावर भयंकर उंच दिसणारी ओळ गळ्याला तेवढी उंच पडत नाही. जाता जाता, टेनरने वरचा सी पूर्ण छातीच्या आवाजात मारायचा ही प्रथाही फार जुनी नाही. पॅरिसच्या ऑपेरागृहात 1837 मध्ये दुप्रे या टेनरने ‘गिय्योम तेल’ या ऑपेरात तसं करून दाखवलं आणि मग सगळ्यांकडून तेच मागितलं जाऊ लागलं. त्याआधी टेनर वरच्या जागा हलक्या, डोक्यातल्या आवाजात घेत.

तिसरा फॉल्सेटोत गाणारा पुरुष, आणि तुमचा मार्ग हाच आहे. इंग्लंडच्या कथीड्रल कॉयरमध्ये अल्टोची ओळ प्रौढ पुरुषांनी फॉल्सेटोत गायची परंपरा टिकून राहिली. त्यातूनच 1940 च्या दशकात कँटरबरीत आल्फ्रेड डेलर या गायकाचा आवाज संगीतकार मायकेल टिपेटच्या कानावर पडला, आणि आज ज्याला आपण काउंटरटेनर म्हणतो त्याचं पुनरुज्जीवन सुरू झालं. संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 1960 मध्ये ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या ऑपेरातली ओबेरॉनची भूमिका डेलरसाठीच लिहिली. ती बरीच खाली आहे, कारण डेलरचा गळा तिथे खुलायचा. फिलिप जारूस्कीसारखे अनेक काउंटरटेनर मुळात बॅरिटोनच आहेत, तेव्हा तुमचा बोलण्याचा आवाज खाली आहे ही अडचण नव्हे.

आता ‘माझ्याकडे आहे की नाही’. फॉल्सेटो जवळजवळ प्रत्येक पुरुषाकडे असतो. तो गाण्यालायक बंद होतो का, एवढंच तपासायचं असतं. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारण 17 ते 25 मिलिमीटर, स्त्रीचे 12.5 ते 17.5. छातीच्या आवाजात ते जाडजूड होऊन पूर्ण उंचीने एकमेकांवर आपटतात. फॉल्सेटोत तंतूच्या आतला स्नायू सैल पडतो, ताणणारा स्नायू कामाला लागतो, तंतू पातळ होतात आणि फक्त कडा थरथरतात. न शिकलेल्या गळ्यात त्या कडांमध्ये फट राहते. तुमचा निम्मा वारा तिथूनच निसटतो. वारा वाढला की तुम्ही आणखी श्वास ढकलत असणार, त्याने फट रुंदावते, मग भोवतालचे स्नायू घसा आवळून ती बुजवू पाहतात, आणि विसाव्या मिनिटाला दुखायला लागतं.

तीन चाचण्या करा, घसा ताजा असताना. पहिली: मधल्या सीपासून मध्यम आवाजात, छातीच्या आवाजात, ‘आ’वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चला. वरच्या ए-बीपर्यंत जोर न लावता पोचलात तर तुम्ही टेनर आहात, फॉल्सेटोच्या मागे लागण्याआधी ओत-कोंत्रच्या वाटेचा विचार करा. ई-एफलाच ढकलावं लागलं तर बॅरिटोन, आणि तुमचं वर्णन वाचून तेच होईल असं वाटतं. दुसरी: मधल्या सीच्या वरच्या ए (440 हर्ट्झ) वर फॉल्सेटोत ‘ऊ’ धरा आणि मींड घेत सावकाश खाली या. कुठे पातळ होतो, कुठे विझतो, ते स्वर लिहून ठेवा. मग वर जा. खाली मधल्या सीच्या आतपर्यंत थोडा तरी उरला आणि वर त्याच्या पुढच्या सप्तकातल्या डीपर्यंत न चिमटता गेला, तर काम करण्यासारखा माल आहे. तिसरी: त्याच ए वर ‘म्’पासून ‘ई’त जा आणि एका श्वासात किती सेकंद टिकतं ते घड्याळावर पाहा. आठच्या आत संपलं तर फट मोठी. बारा-पंधरा गेलं तर ठीक. माप ढोबळ आहे, पण दर पंधरवड्याला तेच घेतलंत तर प्रगती दिसेल.

वारा कमी करायला दमसास वाढवणं हा उपाय नव्हे. कमी श्वासात कडा जवळ आणायला शिकायचं. पाच-सहा मिलिमीटर व्यासाची स्ट्रॉ घ्या, टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि तिच्यातून फॉल्सेटोत ‘ऊ’ म्हणत मधल्या सीच्या वरच्या ई ते बी अशा घसरत्या जागा घ्या, वर आणि खाली, तीन मिनिटं. बुडबुडे एकसारखे हवेत. ओठांशी हवा अडते, तिचा परतीचा दाब तंतूंना सांभाळतो, त्यामुळे घसा आवळायची गरज उरत नाही. एखाद्या स्वराला बुडबुडे अडखळले तर तो स्वर टिपून ठेवा, गाण्यातही तिथेच अडणार. मग स्ट्रॉ बाजूला ठेवून ‘ङ्’वर तोच पल्ला, आणि ‘ङ्’ मधून ‘ई’, ‘ए’ उघडा. सुरुवातीला ‘ऊ’वर जास्त रेंगाळू नका. ‘ऊ’ सोपा वाटतो, पण त्यावर आवाज घुबडासारखा पोकळ होतो आणि तो पोकळपणाच गोड वाटायला लागतो. जीभ मागे गेली की हे हमखास होतं, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं ठेवा. नाकात जातोय अशी शंका आली तर गाता गाता नाक चिमटीत धरा. ‘आ’ बदलला तर नाकात जातोय.

वरच्या स्वरांवर ‘ई’ चिरकतो, यात गळ्याचा दोष कमी असतो. पुढच्या सप्तकातला डी म्हणजे 587 हर्ट्झ, आणि ‘ई’साठी तोंडाची पहिली गुंज साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असते. सूर तिच्या कितीतरी वर गेला की त्याला आधार मिळत नाही. म्हणून वर जाताना जबडा थोडा सोडून ‘ई’ला ‘ए’कडे झुकवायचं. ऐकणाऱ्याला तो ‘ई’च वाटतो. शब्द स्पष्ट राहावेत म्हणून दात मिटून ‘ई’ धरणारे नवखे इथेच सूर चढवून बसतात.

आता तो मधला सांधा, म्हणजे छातीचा आवाज आणि फॉल्सेटो जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. इथे वेळ द्या, कारण काउंटरटेनरचं खरं शिक्षण इथेच होतं. तोसी हा इटालियन गायनशिक्षक स्वतः कास्त्रातो होता आणि 1723 च्या आपल्या गायनग्रंथात त्याने छातीचा आणि डोक्याचा आवाज एक झाला पाहिजे, नाहीतर आवाजाचं सौंदर्य जातं, असं बजावलं आहे. म्हणजे ज्यांचा गळा वाढलाच नव्हता त्यांनाही सांधा होता.

बहुतेकांची समजूत अशी की फॉल्सेटो कमजोर आहे म्हणून तुटतं. खरं कारण बहुधा उलटं असतं. बॅरिटोनला मधला सी जोरातच गायची सवय असते. तो त्याचा वरचा, दणदणीत स्वर. फॉल्सेटो मात्र त्याच जागी सर्वांत अशक्त असतो. मग खाली येताना कुजबुजीतून एकदम गर्जना होते. म्हणून आधी छातीचा आवाज तिथे बारीक करायला शिका: मधला सी, डी, ई छातीच्या आवाजात, पण शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून. हे आठवडाभर नीट जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर एकच सी ‘ओ’वर चार मात्रा फॉल्सेटोत, श्वास, चार मात्रा छातीत. फोन मीटरभर दूर ठेवून ध्वनिमुद्रण करा. पोत वेगळा ऐकू येईल, चालेल. आवाजाच्या पातळीत फरक नको.

त्यानंतर वरून खाली पलटे. ए पासून डी पर्यंत ‘प म ग रे सा’, ‘नो’वर, सगळे फॉल्सेटोत. मग अर्धा स्वर खाली, पुन्हा अर्धा, असं शेवटचा सा मधल्या सीच्या खालच्या ए वर येईपर्यंत. दिशा वरून खालीच. खालून वर गेलात तर छातीचं वजन वर ओढलं जातं आणि सांधा आणखी जाड होतो. आवाज विझायला लागला की ढकलू नका, विझू द्या. हळूहळू तुमच्या लक्षात येईल की ए ते डी हे चार-पाच स्वर दोन्हीकडून गाता येतात. त्या पट्ट्यात बदल कुठे करायचा हे ओळ पाहून ठरवायचं असतं, ‘अमुक स्वराला बदल’ असा कायमचा नियम करू नका. बदल व्यंजनावर किंवा आघात नसलेल्या अक्षरावर टाका. लांब धरलेल्या स्वराच्या मध्यावर किंवा ओळीच्या कळीच्या शब्दावर कधीच नको.

रोजचा वेळ सुरुवातीला पंधरा मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये किमान दोन तासांची विश्रांती, आठवड्यात एक दिवस सुट्टी. याशिवाय रोज दहा मिनिटं साधं बॅरिटोन गाणं, ते सोडलंत तर सांधा रुंदावत जातो. घरच्यांना सांगा, फॉल्सेटोने आवाज जात नाही, बोलण्याचा आवाजही बदलत नाही. जातो तो ढकलण्याने, आणि तो छातीच्या आवाजातही तसाच जातो. खूण साधी: रियाज संपल्यावर बोलून पाहा. बोलणं घोगरं झालं असेल तर चुकीचं गायलात, त्या दिवशी थांबा. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जाऊन स्वरयंत्र तपासून घ्या. शिक्षक शोधताना तो स्वतः काउंटरटेनर असलाच पाहिजे असं नाही. पण पहिल्या भेटीत तुमचा छातीचा आवाज ऐकायला न मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

संचालकांचा सल्ला आमच्या मते चुकीचा आहे, निदान पहिल्या वर्षापुरता. कॉयरमधली अल्टोची ओळ बरेचदा मधल्या सीच्या आजूबाजूलाच फिरते, म्हणजे नेमकी तुमच्या सांध्यावर. शेजारी बायका आरामात गात असतात, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, माणूस ढकलतो. कॉयरमध्ये बॅरिटोनच गा. फॉल्सेटो एकट्याने.

आणि कार्यक्रम. ‘लाशा क्यो प्यांगा’ मूळ एफ मेजरमध्ये आहे. ते डी मेजरमध्ये, म्हणजे दीड स्वर खाली आणलंत तर वरचा भाग आवाक्यात येतो. पण गाणं संथ आहे, ओळी लांब आहेत आणि मधल्या विरामांनंतर दरवेळी उघड्यावर स्वर लावायचा आहे. तीन महिन्यांत वारा तिथे लपणार नाही. त्याऐवजी डाऊलंड या इंग्रज संगीतकाराचं 1597 च्या संग्रहातलं ‘कम अगेन, स्वीट लव्ह’ घ्या. पल्ला साधारण सप्तकभराचा, आणि ल्यूटच्या (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) गाण्यांना ठरलेली पट्टी नसायची, गळ्याला सोयीची असेल ती लावायची. तुम्ही अशी निवडा की सर्वांत खालचा स्वर मधल्या सीच्या वरच्या डीच्या खाली जाणार नाही, सांध्याला हातच लावावा लागणार नाही.

त्यात एकच जागा जपायची: ‘टू सी, टू हिअर, टू टच, टू किस, टू डाय’. प्रत्येक तुकडा वर उडी घेतो आणि मध्ये छोटे विराम आहेत. नवखा गायक दर विरामाला घोट घोट श्वास घेतो, पाचव्या तुकड्यापर्यंत छाती गच्च भरते आणि ‘डाय’चा वरचा स्वर फुटतो किंवा चढतो. ‘टू सी’च्या आधी एकदाच, निवांत श्वास घ्या. विरामात फक्त ध्वनी थांबवा, बरगड्या उघड्याच ठेवा, हवा आत घेऊ नका. फारच लागला तर ‘टच’नंतर किंचित. वरच्या स्वराला ‘डाय’चा ‘आ’ धरा आणि ‘य’ अगदी शेवटी टेकवा. साथीला गिटार किंवा पियानो हळू वाजवणारा घ्या, कॉयर मागे नको. संचालकांना पट्टी आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी छापील पट्टीतली प्रत समोर यायची नाही.